फार्मसीत मशीन आलं, पण पेशंट खरंच समाधानी आहे का? हे कसं शोधायचं आणि मग काय करायचं

मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट आहे, आणि आमच्याकडे ओपीडी फार्मसी ऑटोमॅटिक झाली त्या पहिल्याच आठवड्यातली एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

सोमवार होता, म्हणजे गर्दी. एक आजी आल्या होत्या, नऊवारी, हातात टोकनची चिठ्ठी, ती घडी घालून घालून इतकी मऊ झालेली की नंबर पुसट व्हायला लागलेला. सिस्टीम एकदम नवी होती, डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर औषधं लिहिली की आमच्याकडे आपोआप येणार, मशीन रॅकमधून बॉक्स काढून देणार, बारकोड तपासून पाकीट तयार, आणि स्पीकरवरून आवाज येणार "टोकन नंबर ए वन फोर सेव्हन, काउंटर नंबर थ्री". तो आवाज तीन वेळा आला, आजी जागच्या हलल्या नाहीत, सिस्टीमने त्यांना गैरहजर दाखवलं आणि पुढचा नंबर घेतला. जवळजवळ दोन तासांनी आमच्या वॉर्डच्या मामांनी विचारलं, "आजी, कुणाची वाट बघताय?" तर म्हणाल्या, "माझं नाव घेतील ना बाळा, बसलेय." त्यांचं पाकीट ९ मिनिटांत तयार होतं. महिन्याच्या रिपोर्टमध्येही त्यांच्यापुढे ९ मिनिटंच लागली.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. जाताना काउंटरवरच्या फीडबॅकच्या टॅबवर आमच्या स्टाफमधल्या मुलीने त्यांचं बोट धरून विचारलं, कसं वाटलं, तर आजी म्हणाल्या "छान आहे हो, सगळे चांगले आहेत", आणि हसरा चेहरा दाबला गेला. म्हणजे दोन तास ताटकळलेलं माणूस आमच्या हिशोबात ९ मिनिटांत औषध मिळालेलं समाधानी पेशंट झालं. त्या दिवशी मला कळलं की आपण चुकीच्या जागी चुकीचा प्रश्न विचारतोय.

तर ज्यांच्या हॉस्पिटलमध्ये टोकन, ई-प्रिस्क्रिप्शन, बारकोड, औषधं काढणारं मशीन, हवेच्या दाबावर चालणाऱ्या ट्यूबमधून वॉर्डला औषध पाठवणं, यातलं काहीही नवीन आलंय किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी लिहितेय. एनएबीएचसाठी, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेसाठी, फाइल भरायची असेल त्यांना पण उपयोग होईल पण मी फाइलसाठी लिहीत नाहीये.

पहिलं काम मशीन यायच्या आधीचं आहे आणि ते सगळेच विसरतात. जुन्या पद्धतीत किती वेळ लागत होता, किती जणांना सगळी औषधं मिळत होती, किती जणांना गोळी कशी घ्यायची ते कळत होतं, हे आधी मोजून ठेवा. नंतर कितीही डोकं आपटलं तरी तो आकडा परत मिळत नाही. आणि मोजताना महिना लक्षात घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये तापाची साथ असते, डेंग्यू असतो, ओपीडी फुटलेली असते, त्याची तुलना तुम्ही फेब्रुवारीशी केलीत तर मशीनचं उगाच कौतुक होईल किंवा उगाच बदनामी. शक्यतो तोच महिना, नाहीतर निदान तेच वार आणि तीच वेळ. मशीन चालू झाल्यावर पहिला महिना मोजूच नका, सगळे चाचपडत असतात, सिस्टर चिडलेल्या असतात, आम्ही पण चिडलेलो असतो.

आता वेळ कसा मोजायचा. सिस्टीममध्ये वेळेच्या नोंदी आपोआप पडतात, पण कुठली नोंद कुठून कुठपर्यंत हे कंपनीच्या माणसाला बसवून विचारा. मला सहा नोंदी लागतात. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन सेव्ह केलं, पेशंटने फार्मसीचं टोकन घेतलं, बिल झालं, पाकीट तयार झालं, नंबर पुकारला, आणि पेशंटच्या हातात औषध दिलं. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेक ठिकाणी तीच नसते, रिपोर्ट पाकीट तयार झालं तिथेच संपतो. आमच्या आजींचे दोन तास तिथेच हरवले होते. हातात देताना टोकन परत स्कॅन करायचं, एवढं एक काम वाढवलं की खरा वेळ मिळतो. आणि सरासरी काढू नका, म्हणजे काढा पण तिच्यावर जाऊ नका. शंभर जणांना वेळेप्रमाणे ओळीने उभं केलं तर मधल्या माणसाला किती वेळ लागला आणि नव्वदाव्याला किती लागला, हे दोन आकडे बघा. सरासरी बरेचदा बरीच दिसते आणि शेवटचे दहा जण घरी जाऊन दहा घरांत सांगतात.

एक साधं गणित आहे, जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं, रांगांचा अभ्यास करणारे सगळे ते वापरतात. तासाला किती माणसं येतात गुणिले एक माणूस किती तास थांबतो, बरोबर एका वेळी किती माणसं थांबलेली असतात. समजा तासाला ६० टोकन आणि प्रत्येकजण २० मिनिटं, म्हणजे एक तृतीयांश तास, तर २० माणसं कायम समोर असणार, बरोबर आलेले नातेवाईक वेगळेच. खुर्च्या १२ असतील तर ८ जण उभे. मशीन कितीही चांगलं असू द्या, गुडघे दुखणारा माणूस २० मिनिटं उभा राहिला की तो समाधानी नाही. कधी कधी उत्तर लाखोंच्या मशीनमध्ये नसतं, आठ खुर्च्यांमध्ये असतं, आणि हे मॅनेजमेंटला या गणिताने पटकन पटवता येतं, मी पटवलंय.

आता प्रश्नावली. इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा थांबून सांगते.

इंग्लिश प्रश्नावली उचलून भाषांतर करायची आणि समोर "पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत" असे पाच रकाने टाकायचे, हे करू नका. ही पाच पायऱ्यांची पद्धत लायकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची, १९३२ पासूनची, पद्धत चांगलीच आहे, पण "मी तटस्थ आहे" असं आपल्याकडे रांगेत उभा असलेला कुठला माणूस बोलतो? आम्ही शेवटी असं केलं, एकदम बरं, बरं, जेमतेम, नाही बरं, आणि अजिबात नाही. लोकांना पटकन कळलं. शिवाय प्रश्न मराठीत लिहिल्यावर दुसऱ्या कुणाला तरी देऊन परत मूळ भाषेत करून घ्या, अर्थ सरकला असेल तर तिथे सापडतो. सीमाभागात असाल तर कन्नड, तेलुगू, मुंबई-ठाण्यात हिंदी, ज्या भाषेत पेशंट घरी बोलतो त्या भाषेत हवं.

तयार प्रश्नावल्या आहेत, सगळं शून्यातून करायची गरज नाही. फार्मसीच्या सेवेबद्दलची लार्सन, रोव्हर्स आणि मॅककीगन या संशोधकांची २००२ ची २० प्रश्नांची प्रश्नावली आहे, तिचा गाभा दोनच गोष्टींचा आहे, फार्मासिस्टने आपुलकीने समजावून सांगितलं का, आणि औषधोपचार नीट चालावेत म्हणून लक्ष घातलं का. अमेरिकेत ॲडमिट पेशंटना डिस्चार्जनंतर जो ठरलेला सर्व्हे पाठवतात त्यातही औषधांबद्दल हेच असतं, नवीन औषध देण्याआधी ते कशासाठी आहे ते सांगितलं का आणि त्याचे दुष्परिणाम समजतील असे सांगितले का. बघा, जगभर घासूनपुसून तयार झालेल्या प्रश्नांमध्ये माणसाचं बोलणं सगळ्यात वर आहे. आपण मशीन आणतो आणि विचारतो "नवीन मशीन कसं वाटलं?" पेशंटला मशीनचं काय घेणं-देणं, त्याला ते काचेमागे दिसतसुद्धा नाही.

डब्ल्यूएचओने १९९३ मध्ये दवाखान्यांसाठी काही मोजमापं ठरवून दिली होती, ती मला अजूनही सगळ्यात कामाची वाटतात. औषध देताना पेशंटसाठी किती वेळ दिला, लिहिलेल्या औषधांपैकी प्रत्यक्षात किती दिली, किती पाकिटांवर लेबल नीट होतं, म्हणजे पेशंटचं नाव, औषधाचं नाव आणि कधी घ्यायचं ते, आणि पेशंटला डोस नीट माहीत आहे का. हे चार आकडे समाधानाच्या प्रश्नांच्या बाजूला ठेवा. कारण समाधानी पण गोळी चुकीची घेणारा पेशंट असतो, भरपूर असतात, आणि तो हसरा चेहरा आपल्याला फसवतो.

माझी प्रश्नावली दहा-बारा प्रश्नांच्या वर जात नाही. सुरुवात उघड्या प्रश्नाने, "आज औषधं घेताना कुठे अडलं का?" आधी चेहरे आणि आकडे दाखवले की माणूस गप्प होतो, आधी बोलू दिलं की बोलतो. मग किती वेळ लागला असं वाटलं, हे त्याच्या शब्दांत मिनिटांत लिहायचं, सिस्टीमचा वेळ नंतर टोकनवरून काढून बाजूला ठेवायचा. या दोन आकड्यांमधला फरक हे सोनं आहे. सिस्टीम १५ म्हणते आणि पेशंट पाऊण तास म्हणतो, तर तो खोटं बोलत नाहीये, काय चाललंय हे न कळता बसलेला वेळ तसाच वाटतो. मग नंबर पुकारलेला कळला का, सगळी औषधं मिळाली का, नाही मिळाली तर काय सांगितलं, कुणी समजावून सांगितलं का, विचारायला मोकळीक वाटली का, बिल कळलं का. आणि शेवटी पाकीट उघडून एक औषध हातात घेऊन, "ही घरी गेल्यावर कशी घेणार, मला सांगा बरं." हा प्रश्न परीक्षेसारखा विचारायचा नाही, "आम्ही नीट सांगितलं का ते मला बघायचंय" असं म्हणायचं.

कोण विचारतंय यावर अर्धं उत्तर अवलंबून असतं. ॲप्रन घातलेल्याला आपला पेशंट वाईट सांगत नाही. सवलतीत उपचार घेणारा तर नाहीच नाही, त्याला वाटतं उद्या मला उभं करणार नाहीत. म्हणून ॲप्रन काढा, फार्मसीचा माणूस नको, समाजकार्य विभागातल्या ताई किंवा कॉलेजची मुलं चालतील, आणि काउंटरपासून लांब, गेटजवळ किंवा चहाच्या टपरीच्या बाजूला विचारा. काउंटरवर ठेवलेलं चेहऱ्यांचं बटण आम्ही शेवटी काढून टाकलं, बरोबरची लहान मुलं खेळत बसायची. सगळ्यात खरी उत्तरं मला फोनवर मिळाली, औषध नेल्यावर दोन-तीन दिवसांनी, संध्याकाळी सातनंतर. तोपर्यंत माणसाने गोळ्या घेतलेल्या असतात, कुठे अडलं ते त्याला माहीत असतं, आणि तो स्वतःच्या घरात बसलेला असतो. केंद्र सरकारच्या मेरा अस्पताल योजनेतही २०१६ पासून पेशंटला नंतर मेसेज आणि फोन करून मत विचारतात. फोन करायचा असेल तर परवानगी आधी घ्या, टोकन घेतानाच, आणि तो नंबर दुसऱ्या कशाला वापरू नका, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे पण कायदा नसता तरी विश्वासाचा प्रश्न आहे. अभ्यास म्हणून छापायचा विचार असेल तर एथिक्स कमिटीकडे आधी जा, मागाहून परवानगी मिळत नाही.

औषध न्यायला कोण आलंय हेही लिहून घ्या. आपल्याकडे निम्म्या वेळा मुलगा, सून, शेजारचे काका येतात. त्यांचं समाधान वेगळं आणि घरी अंथरुणावर असलेल्या माणसाचं वेगळं. दोन्ही एकत्र मिसळलं की काहीच कळत नाही.

किती जणांना विचारायचं? ९५ टक्के खात्री हवी आणि १० टक्के इकडे-तिकडे चालणार असेल तर ९७ माणसं, म्हणजे शंभर धरा. ५ टक्क्यांवर यायचं असेल तर ३८५. आमच्यासारख्यांनी आधी १०० आणि नंतर १०० केलं तरी खूप आहे, पण मग एक लक्षात ठेवा, शंभर-शंभरमध्ये आधी ६० टक्के समाधानी आणि नंतर ६८ टक्के आले तर तो फरक खरा आहे असं म्हणता येत नाही, साधारण १४ टक्क्यांच्या वर गेलात तर बोला. निवड स्वतःच्या मनाने करायची नाही, हसऱ्या चेहऱ्याची माणसं आपण नकळत निवडतो. रोज ४०० टोकन जात असतील तर १ ते २० मधली एक चिठ्ठी उचला, समजा ७ आली, तर ७, २७, ४७ असं प्रत्येक विसावं टोकन. दिवसाला वीस झाले, पाच-सहा दिवसांत काम झालं. सोमवार सकाळ हवीच आणि शनिवार दुपार पण हवी. आधी दहा जणांवर प्रश्नावली करून बघा, जिथे माणूस "म्हणजे?" म्हणतो तो प्रश्न बदला.

आता आकडे आले, वाचायचे कसे. एकूण समाधान ८० टक्के की ८५ टक्के याच्यावर मीटिंग घालवू नका. वयाप्रमाणे वेगळं करा, पहिल्यांदा आलेले आणि दर महिन्याला येणारे वेगळे करा, सगळी औषधं मिळालेले आणि न मिळालेले वेगळे करा. मी जेव्हा हे शेवटचं वेगळं केलं तेव्हा माझे डोळे उघडले. आम्ही सगळे रांगेच्या मागे लागलो होतो आणि नाराज माणसं बहुतेक ती होती ज्यांना वीस मिनिटं बसवून मग सांगितलं की हे शॉर्ट आहे, बाहेरून आणा. थांबणं माणूस सहन करतो, थांबून रिकाम्या हाताने जाणं सहन करत नाही.

आता दुरुस्त्या. हा भाग मोठा आहे कारण सर्व्हे करून कपाटात ठेवला तर पेशंटचा वेळ आपण फुकट खाल्ला.

शॉर्ट औषधाचं पहिलं. स्टॉक सिस्टीममध्ये आहेच ना, मग टोकन घेतानाच सांगा की पाचपैकी चार आहेत, एक नाही, थांबायचं का. डॉक्टरांच्या स्क्रीनवर स्टॉक दिसला तर अजून चांगलं, ते तिथेच तोच घटक असलेलं दुसरं लिहितील. आपल्या मनाने ब्रँड बदलून देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. आणि औषध कुठून घ्यायचं हे पेशंटने ठरवायचं असतं, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये पेशंटच्या हक्कांची जी सनद तयार केली त्यात हे स्पष्ट आहे. आमच्याच इथून घ्या असा दबाव असलेल्या ठिकाणी समाधानाचा आकडा काहीही सांगू दे, त्याला अर्थ नाही.

पुकारणं. मराठीतून आणि सावकाश, "टोकन एकशे सत्तेचाळीस, खिडकी तीन", सुरुवातीचं इंग्लिश अक्षर काढून टाका. स्क्रीनवर देवनागरी आणि मोठे आकडे. तीन वेळा पुकारून आलं नाही तर सिस्टीमने गैरहजर टाकून विसरायचं नाही, खिडकीवर वेगळी ट्रे ठेवा आणि दर अर्ध्या तासाने मामांनी किंवा मावशींनी बाकांवर जाऊन चिठ्ठ्या बघायच्या. आमच्याकडे या एका गोष्टीने आजींसारखी माणसं सापडायला लागली. स्क्रीनवर नाव आणि औषध मात्र कधीही नको, टीबीचे, एचआयव्हीचे, मानसोपचाराचे पेशंट त्याच बाकावर बसलेले असतात आणि गाव छोटं असतं.

लेबल. मशीनने छापलेलं लेबल दिसायला सुंदर असतं आणि त्यावर लिहिलेलं असतं १-०-१. एक काका मला विचारत होते, ताई हे एकशे एक काय आहे, किती गोळ्या घ्यायच्यात? मी हादरले. तेव्हापासून सकाळी १, रात्री १, जेवणानंतर, असं मराठीत शब्दांत. हे सॉफ्टवेअरमध्ये एकदाच सेट करायचं असतं, मागे लागून करून घ्या. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या, संधिवातासाठी देतात ती मेथोट्रेक्सेट विशेष करून, तिच्या लेबलवर वाराचं नाव यायलाच हवं, "फक्त रविवारी", कारण ती रोज घेतली गेली तर माणूस जिवाला मुकतो. आणि लेबल स्ट्रिपच्या एक्स्पायरीवर चिकटवायचं नाही, हे मशीनला कळत नाही, माणसाने बघायचं.

स्ट्रिप कापण्याचा प्रश्न आपल्याकडचा खास आहे. ही मोठी मशीनं जर्मनीसारख्या देशात बनली, तिथे पूर्ण बॉक्स दिला जातो. आपल्याकडे डॉक्टर पाच दिवसांच्या दहा गोळ्या लिहितात आणि स्ट्रिप पंधराची असते, कापावीच लागते, आणि कापली की बॅच आणि एक्स्पायरी एका तुकड्यावर जाते, बारकोड बॉक्सवर राहतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला पण तुमच्या रॅकमध्ये तीनशेच ब्रँड आहेत का? म्हणून सुट्या औषधांसाठी छोटी पाकिटं, त्यावर नाव, बॅच, एक्स्पायरी आणि स्वतःचा बारकोड छापायची सोय मशीन घेतानाच मागून घ्या. पेशंटला बिननावाचा कापलेला तुकडा मिळाला की त्याचा विश्वास उडतो, आणि बरोबरच आहे त्याचं.

वाचलेला वेळ कुठे गेला हे बघा, माझ्या मते सगळं इथे आहे. मशीन रॅकमध्ये धावायचं काम करतं, मग पूर्वी धावणारे दोघे फार्मासिस्ट आता कुठे आहेत? त्यांना कमी करून खर्च वाचवला असेल तर पेशंटला काहीच मिळालं नाही. त्यातल्या एकाला शेवटच्या खिडकीवर बसवा, फक्त बोलायला. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच दिलं पाहिजे हे १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं, आणि पेशंटला माहिती देणं, समुपदेशन करणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांमध्ये आहे. एच-वन औषधांचं, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांचं रजिस्टर, जे तीन वर्षं ठेवायचं असतं, ते सिस्टीममधून निघत असेल तर तोही लिहायचा वेळ वाचतो, तो पण या खिडकीला द्या.

बोलायचं म्हणजे काय याचं एक उदाहरण. इन्सुलिन. मशीनने बरोबर बॉक्स दिला, बारकोड जुळला, हिरवा दिवा लागला. पण आपल्याकडे व्हायल मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि १०० युनिटचीही मिळते, सिरिंज वेगळ्या, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. घरात जुनी सिरिंज पडलेली असते, माणूस तीच वापरतो, आणि डोस अडीचपट होऊ शकतो किंवा निम्म्याहून कमी. हे कुठल्याही मशीनच्या रिपोर्टमध्ये येत नाही. खिडकीवर दोन मिनिटं बसून "घरी कुठल्या टोपणाची सुई आहे काका?" असं विचारलं तरच कळतं. त्याच दोन मिनिटांत फ्रीज आहे का, लाइट किती वेळ जाते, उघडलेली बाटली कुठे ठेवता, हे सगळं येतं. इनहेलर असेल तर समोर ओढून दाखवायला सांगा. सगळ्यांशी एवढं बोलणं शक्य नाही हे मला माहीत आहे, पण नवीन सुरू झालेलं औषध, इन्सुलिन, इनहेलर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आठवड्याच्या गोळ्या, गरोदर बाई, आणि पाचपेक्षा जास्त औषधं असलेली म्हातारी माणसं, एवढ्यांच्या टोकनवर सिस्टीममध्येच खूण येऊ द्या आणि त्यांना शेवटच्या खिडकीवरच पाठवा.

सर्व्हर बंद पडण्याचं आधीच ठरवून ठेवा. पडतोच. नंबर घातलेली कागदी टोकनं, कोऱ्या चिठ्ठ्यांचं पॅड, रोज सकाळी काढलेली स्टॉकची प्रिंट, आणि मशीनमधली औषधं हाताने कशी काढायची हे प्रत्येक शिफ्टमधल्या निदान दोघांना यायला हवं. आणि बंद पडलं की बाहेर येऊन उभं राहून सांगायचं, "सिस्टीम बंद आहे, अर्धा तास लागेल, ज्यांना लांबची एसटी आहे त्यांनी पुढे या." काचेमागे बसून राहिलात तर ओरडा होणारच. एसटीवाल्यांची वेगळी रांग तर मी म्हणते रोजच असावी, शेवटची गाडी चुकली तर तो माणूस रात्र कुठे काढणार.

हे सगळं एकदम होत नाही. एका वेळी एक-दोन बदल करा, दीड-दोन महिने जाऊ द्या, मग त्याच प्रश्नावलीने परत शंभर जणांना विचारा. प्रश्न मध्येच बदलू नका नाहीतर तुलना गेली. आणि पेशंटनी काय सांगितलं आणि त्यावर काय केलं हे रांगेच्या बाजूच्या खांबावर मोठ्या अक्षरात लावा, म्हणजे पुढच्या वेळी आमच्या ताई गेटजवळ विचारायला गेल्या की माणूस "सगळं छान आहे" म्हणून निघून जात नाही. आमच्या खांबावरचा पहिला कागद टोकनच्या आवाजाचा होता, "आता नंबर मराठीतून पुकारतो. ऐकू आला नाही तर खिडकी तीनवर या, औषध ठेवलेलं असतं."